गावाकडचा डबा

उखर्डू आबांच्या डाव्या कुशीतून निघालेला मुतखडा बोराच्या बीएवढा होता. डॉक्टरांनी तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून दिला, तेव्हापासून आबांची छाती दोन बोटं फुगली होती. भेटायला येईल त्याच्यापुढे बाटली खुळखुळवायची आणि म्हणायचं, "हाई दखा, सात वरीस पोटमा संभाळं मी येले." ऐकणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्यानं काही कमाईच केली आहे.

शहाऐंशी सालचा मार्च महिना होता. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि जळगावचं ऊन आत्ताच डोकं फोडायला लागलं होतं. पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले, टाके पाहिले आणि म्हणाले, "आबा, आज सुट्टी. पण घरी म्हणजे गावी नाही. आठ दिवस एसटीत पाय ठेवायचा नाही, आतले टाके अजून कच्चे आहेत. मुलगी आहे ना इथं? तिच्याकडे राहा. टोमॅटो, पालक आत्तासारखेच बंद. पाणी भरपूर. आणि महिन्यानं दाखवायला या."

आबांनी मान डोलावली. लेकीकडे झोपायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती जेवायला.

प्रमिला ही आबांची थोरली लेक. दहा वर्षांपूर्वी जळगावात दिलेली. जावई अभिमन एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घर दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. दहा वर्षांत पोटी मूल नव्हतं, आणि आबांचा नेम असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हा नेम काही आबांनी शोधून काढलेला नव्हता, चालत आलेला होता. पण चालत आलेल्या गोष्टी लोक सोयीनं बाजूलाही ठेवतात. आबांचा चुलतभाऊ लोटन तर पोरीच्या लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच तिच्याकडे जाऊन चार पुरणपोळ्या चेपून आला होता. देव काही त्याच्या अंगावर धावून आला नाही. आबांनी मात्र हट्ट सोडला नाही.

दहा वर्षांत ते प्रमिलाकडे वीसेक वेळा गेले असतील. घरात बसायचे, पिकापाण्याचं बोलायचे, आणि तहान लागली की उठून गल्लीतल्या नळाला ओंजळ लावायचे. घरात माठ भरलेला असताना बाप रस्त्यावर वाकून पाणी पितो, याचा अर्थ शेजारणींना समजावून सांगावा लागत नाही. प्रमिला दारात टॉवेल घेऊन उभी राहायची. टॉवेल चालत होता.

खरं सांगायचं तर आबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या आईची आधीची तीन पोरं गेली, म्हणून चौथ्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. तो जगला. तेव्हा देवाशी काहीतरी बांधून घेतलं की देव ऐकतो, हे आबांच्या हाडात मुरलेलं होतं. आपण नेम कडक पाळला तर प्रमिलाची कूस उजवेल आणि मोडला तर सगळंच फिसकटेल, असा त्यांचा पक्का समज. म्हणजे हा माणूस लेकीसाठीच तहानलेला राहत होता, आणि लेकीला दिसत होता तो नळावर वाकलेला बाप. एकदा तोंड उघडून तिला सांगायला काय झालं होतं? पण सांगणं हा आबांचा स्वभाव नव्हता. ओरडणं होता.

म्हणून ऑपरेशन ठरलं तेव्हा आधी डब्याची सोय ठरली आणि मग डॉक्टर ठरले. गाव अमळनेरपासून तीन कोसांवर. तिथून सकाळी सातला जळगाव गाडी निघायची. सून कमलबाईनं डबा करायचा, मुलानं, म्हणजे मगननं, तो ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, अभिमननं स्टँडवर उतरवून घ्यायचा आणि प्रमिलानं दवाखान्यात आणायचा. डबा तीन खणांचा, झाकणावर आबांच्या वारलेल्या बायकोचं नाव कोरलेलं: सौ. इंदिराबाई उखर्डू पाटील. भांड्यांच्या बाबतीत इंदिराबाई फार काटेकोर. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे तिनं प्रमिलाला परकर नेसायच्या वयापासून शिकवलेलं. प्रमिलाकडून गावी परतलेल्या प्रत्येक भांड्यात साखर असायचीच. आबा ती नातवंडांच्या हातावर ठेवून मोकळे व्हायचे.

ऑपरेशननंतर जेवण सुरू झालं आणि पहिलाच डबा आंबून आला. दुसऱ्या दिवशी गाडी धरणगावच्या अलीकडे बंद पडली, डबा आलाच नाही. आबांनी दिवसभर तोंडात काही घातलं नाही. प्रमिलानं दूध आणलं तर तोंड फिरवलं. "आज मनी एकादस शे." एकादशीला अजून तीन दिवस होते. संध्याकाळी आबांना घेरी आली, पुन्हा सलाईन लावावं लागलं, आणि डॉक्टर डाफरले ते प्रमिलावर.

तिसऱ्या दिवसापासून मात्र डबा सुरळीत झाला. बरोबर साडेअकराला यायचा. मऊ भाकर, मुगाचं वरण, गिलक्याची नाहीतर दुधीची भाजी, तेल बेताचं. आबा बोटं चाटायचे. "कमलना हातले काय चव उनी ना आते!" ते म्हणायचे. "असं वरन तुले नही जमनार, पमा."

"हा, आबा," प्रमिला म्हणायची आणि खण धुवायला घेऊन जायची.

असे दहा दिवस गेले. आता सुट्टीच्या दिवशी प्रमिला खाली औषधं आणायला गेली होती आणि आया चमेलीबाई खाटेवरची चादर काढायला आली. चमेलीबाई सातपुड्याच्या पायथ्याची, हातानं प्रेमळ आणि जिभेनं मोकळी. चादर ओढता ओढता ती म्हणाली, "आबा, आते आंडेरकडे, प्रमिलाताईकडे, जाईसन तिले सतावू नका बरं. पाच वाजता उठीसन तुमना डबा करे ती. रोज माले इचारे, चमेलीबाय, आबानी कितली भाकर खादी? वरन उरनं का?"

"डबा गावथून येस," आबा म्हणाले.

"गावथून?" चमेलीबाई हसली. "दोन गल्ल्या म्हंजे गाव का? मी सोता तिना घर जाईसन डबा लई उनू एक दिन. चूल्हावरनं उतरीसनच भरं तिनी."

आबांनी मनातल्या मनात दहा दिवसांची जेवणं पुन्हा पुढ्यात मांडली. एकाही भाजीत टोमॅटो नव्हता. कमलबाई टोमॅटोशिवाय वांगंसुद्धा फोडणीला टाकत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं का? माहीत होतं. चव लागली आणि ते खात गेले, विचारायचं सुचलं नाही. माणूस स्वतःच्या जिभेवर चिडला की राग काढतो दुसऱ्यावर.

प्रमिला औषधांची पिशवी घेऊन जिना चढून वर आली.

"डबा कोनी करा?" आबांनी विचारलं.

तिनं चमेलीबाईकडे पाहिलं, मग बापाकडे. "मी करा, आबा. गावना डबा नासी जाये. तुम्ही त्या दिन उपाशी ऱ्हायनात, मना जीव..."

"दहा वरीस पाळं मी!" आबा ओरडले. कुशीतून कळ आली तरी थांबले नाहीत. "दहा वरीस तुना दारमा पानी नही पिधं. कोनासाठे? तुना पाळनासाठे! आनि तून दहा दिनमा बठ्ठं, सगळंच धुई टाकं. आते कसं व्हई तुले पोर? देवले बोल लावू नको. तुना हातेच तून पाळना रिकामा ठेवा!"

खोलीत दुसऱ्या दोन खाटा होत्या. त्यांच्यावरची माणसं छताकडे पाहू लागली. चमेलीबाई चादर छातीशी धरून तशीच उभी राहिली.

दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आबांनी अखेर लेकीला सांगितली होती, आणि सांगितली ती अशी.

प्रमिला रडली नाही. रडली असती तर आबा कदाचित विरघळलेही असते. तिनं औषधांची पिशवी खाटेवर ठेवली आणि हळू आवाजात एवढंच म्हणाली, "गादी टाकी ठेयेल शे, आबा. खिडकीजोडे."

आबा गादीवर गेले नाहीत. डॉक्टरांचं ऐकलं नाही. अभिमनला वर्कशॉपमधून बोलावून घेतलं आणि स्टँडवर पोहोचवायला लावलं. अभिमन मुळात कमी बोलणारा. त्यानं टांगा आणला, सासऱ्याला धरून बसवलं, गाडीत पुढची जागा मिळवून दिली, ओळखीच्या ड्रायव्हरला सावकाश न्यायला सांगितलं. फिरकीचा तांब्या भरायचा होता. तो त्यानं स्टँडच्या नळावर भरला आणि सासऱ्याच्या हाती देताना म्हणाला, "नळाचं आहे."

धरणगावपर्यंत आबांना राग पुरला. पुढे रस्ता खराब होता. राग ओसरला आणि टाके बोलायला लागले. प्रत्येक खड्ड्याला आबा पुढची दांडी घट्ट धरत आणि त्यांना औषधांची पिशवी हातात घेतलेली प्रमिला दिसे. पाळण्याचं बोललो ते बोललो, पण दोन परक्या माणसांसमोर बोललो. ती दवाखान्याचा जिना आता रोज कशी चढणार? मग आठवलं, आता तिला तो जिना चढायचं कारणच उरलेलं नाही.

घरी कमलबाईनं ताट वाढलं. वांग्याच्या भाजीत टोमॅटोच्या फोडी लाल तरंगत होत्या. आबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"डबा कवयपासून बंद करा तून?"

कमलबाईनं डोईवरचा पदर पुढे ओढला. "अक्कानी चिठ्ठी धाडी व्हती, आबा. डायवरना हाते."

"काय लिखेल व्हतं?"

ती आत गेली आणि मिठाच्या बरणीमागे ठेवलेली चिठ्ठी घेऊन आली. वाचायला चष्मा लागतो म्हणून आबांनी तिलाच वाचायला सांगितलं. कमलबाई शाळेत वाचतात तशी वाचू लागली: "कमल, उन्हानं डबा नासतो. उद्यापासून मी इथंच करीन. आबांना सांगू नको, नाहीतर ते उपाशी राहतील आणि त्यांची जखम भरणार नाही. नेम मोडल्याचं पाप लागायचं असेल तर ते मला लागू दे, त्यांना नको. तुझ्या नावानं जेवतील तर बरं आहे. वरणात लसूण घालतेस की नाही ते कळव, म्हणजे चव वेगळी लागणार नाही."

आबांनी चिठ्ठी मागून घेतली, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवली. त्याच खिशात खड्याची बाटली होती. ती काढून त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली. पुढे कुणी खडा पाहायला आलं तर म्हणायचे, हरवला.

जखम चिघळली. अमळनेरच्या डॉक्टरनं दोनदा पू काढला. महिनाभर आबा पडवीत पालथे-उताणे होत राहिले आणि एकच गोष्ट घोकत राहिले. दाखवायला जाऊ त्या दिवशी सरळ प्रमिलाच्या घरी जायचं, स्वयंपाकघराच्या दारात बसायचं आणि म्हणायचं, पमा, वाढ. माफी मागणं त्यांना जमणार नव्हतं, जन्मात कधी केलं नव्हतं. पण जेवणं जमलं असतं. आणि जेवलो की तिला सगळं कळेल, असं त्यांना वाटत होतं. पोर व्हायचं तर होईल, नाहीतर न होईल. लेक जिवंत आहे, तिच्या चुलीवर वरण शिजतं आहे, आणखी काय हवं होतं आपल्याला?

हे शहाणपण दहा वर्षं उशिरानं आलं, पण आलं.

महिना भरला तसे आबा सातच्या गाडीनं निघाले. कमलबाईनं नणंदेसाठी बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, पिशवी दिली. डॉक्टरांनी जखम पाहिली, एसटीनं गेल्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि जा म्हणाले. जिन्यावर चमेलीबाई भेटली. तिनं नुसती मान हलवली आणि बादली घेऊन पुढे गेली.

गल्लीतला नळ वाहत होता. आबांना तहान लागली होती, पण ते थांबले नाहीत. घरात शिरले, बिबड्यांची पिशवी ठेवली आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले. प्रमिलानं पाया पडून विचारलं, "डॉक्टर काय म्हनना, आबा?" तिच्या आवाजात राग नव्हता. आबांना बरं वाटलं.

"चांगलं शे. पमा, पानी दे."

तिनं तांब्या घेतला, माठावरून पुढे गेली, बाहेर नळावर जाऊन तांब्या भरला आणि आणून समोर ठेवला. "नळनंच शे, आबा. माठनं नही."

आबांच्या तोंडाशी आलेलं सगळं परत फिरलं. ते पाणी प्याले. मग घसा खाकरून म्हणाले, "भूक लागनी. वाढ."

"हा. येतीनच ह्या, डबा लईसन."

तेवढ्यात अभिमन सायकल लावून आत आला. त्याच्या हातात स्टँडजवळच्या खानावळीचा डबा होता. आज बाप येणार हे प्रमिलाला तारखेवरून ठाऊक होतं, तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. तिनं आबांसमोर पाट मांडला. ताट घेतलं नाही, विकत आणलेली पत्रावळ पसरली. मग डबा उघडून स्वतः समोर बसली आणि भाजीतली टोमॅटोची एक एक फोड चमच्यानं बाजूला काढू लागली. साल चिकटून राहिली तर तीही काढली. सगळं निवडून झाल्यावर तिनं पत्रावळीवर वाढलं.

आबा तिच्या हाताकडे पाहत होते. "पमा," ते म्हणाले, "हाई नको. तुना हातनं दे. घरनं दे. काय व्हई ते व्हई."

प्रमिलानं मान वर केली. "नही, आबा."

"मी सोता मांगस ना."

"तुम्ही मांगतस, पन माले वाढता येत नही." ती अगदी सावकाश बोलत होती, आजाऱ्याला समजवावं तशी. "त्या दिन तुम्ही जे बोलनात ना, ते मना घरना अन्नले लागी गय. तुमना नेम शे, तो ऱ्हावू द्या. जेवा, निवाई जाई."

आबा जेवले. भाजी तिखटजाळ होती, भाकर वातड. एक कण त्यांनी टाकला नाही. आतल्या चुलीवर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं आणि त्याचा लसणाचा वास दारापर्यंत येत होता. ते वरण होतं, हे त्यांना न विचारता कळलं.

निघताना प्रमिलानं फडताळातून डबा काढून दिला. महिन्यापूर्वी रागाच्या भरात तो इथंच राहिला होता. झाकणावर इंदिराबाईंचं नाव चकचकत होतं. "कमलले इचारं म्हनीसन सांगजा," ती म्हणाली आणि पुन्हा पाया पडली.

गाडीत बसेपर्यंत आबांनी डबा छातीशी धरला होता. गाडी स्टँडबाहेर पडली आणि त्यांना साखर आठवली. प्रमिला भांडं रिकामं धाडत नाही. कितीही झालं तरी तिच्या आईचं नाव आहे झाकणावर. वरचा नाही तर खालचा खण, चिमूटभर तरी असेलच. आज ती साखर नातवंडांना द्यायची नाही. इथंच, या गाडीत, सगळ्यांदेखत आपण खायची. त्यांना भलताच हुरूप आला. त्यांनी कडी काढली. वरचा खण उघडला. मधला उघडला. खालचा उघडून उजेडाकडे धरला आणि बोट फिरवून पाहिलं.

तिन्ही खण राखेनं घासून, पुसून, कोरडे करून दिले होते. बोटाला काही लागलं नाही.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काही सांडनं का, नाना?" आबांनी मान हलवली आणि खण एकावर एक बसवू लागले. कडी काही केल्या बसेना. शेवटी ती बाईनंच बसवून दिली.

गावात पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. कमलबाई ओट्यावर धान्य निवडत होती. तिनं उठून डबा हातात घेतला, हलका लागला म्हणून उघडला, आणि तिन्ही खण पाहून तिचा चेहरा पडला. "अक्कानी काहीच टाकं नही का, आबा? साखरबी नही?"

आबा पायरीवर बसून वहाणा काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"व्हती ना साखर," ते म्हणाले. "गाडीमाच खाई लिधी मी. बठ्ठी."